श्रावणची निळी डांगरी

आमचा श्रावण विमान चालवत नाही. वर्ध्यात हे सांगून सांगून मी थकले. बी.एस्सी. झाल्यावर तो मद्रासला तीन वर्षं विमानविद्या शिकला. पंख हवेत कशानं उचलला जातो, कुठला पत्रा किती ताण सोसतो, इंजिनाची ताकद कशी मोजतात, असा तो अभ्यास. त्याच्या बरोबरचे कोणी कलकत्त्याला विमानदुरुस्तीत लागले, कोणी हवाई दलाच्या तांत्रिक शाखेत गेले. श्रावणला बंगळूरकडच्या एका कारखान्यानं शिकाऊ म्हणून घेतलं, तेही इंजिन विभागात. त्याला दुसरं काही नकोच होतं. लहानपणी स्टेशनवर नेलं की पाहुणे उतरून टांग्यात बसले तरी हा इंजिनापाशीच.

अडचण निघाली ती कपड्याची. आमच्या घरात घरच्या सुताखेरीज कापड येत नाही. सूत भांडारात द्यायचं, खादी आणायची. हा ह्यांचा, मधुकररावांचा, नेम. श्रावणनंही तो बाराव्या वर्षी वडिलांसमोर घेतला. कारखान्यात कामाच्या वेळी अंगभर घालायला गिरणीच्या कापडाची डांगरी देतात. यानं ती परत केली आणि खादीची शिवून घेतली. काही महिन्यांनी एका इंजिनात इंधनाच्या बारीक छिद्रात सुताचा तंतू सापडला. वरच्या साहेबांनी सरळ सांगितलं, गिरणीची डांगरी घाल, नाहीतर इंजिन सोड आणि ड्रॉइंगच्या खोलीत बस. विचार करायला आठवड्याची रजा दिली.

तो आठवडा त्यानं आमच्या पडवीत काढला. शेजारची धुरपता कापसाच्या जिनमध्ये सरकी काढायच्या कामाला जाते. ताक न्यायला आली तेव्हा तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काऊन रे बापू, इंजनालेबी ठसका लागते काय?"

"लागतो तर!" श्रावण हसला.

"आमच्या जिनात तं सारेच खोकून राह्यले. आमाले नाई बसवत कोनी डराइंगच्या खोलीत!"

हे म्हणाले, "घट्ट विणीची खादी घेऊन पाहा."

"पाहिली, बाबा. तीही झडते."

मी एक सदरा कांजीत उकळून पाहिला. वाळल्यावर तो पापडासारखा कडक झाला आणि झटकला तर दुप्पट तंतू.

"तुम्ही एकदा 'घाल' म्हणा ना त्याला," मी ह्यांना म्हटलं.

"मी अडवलंय का? मोठा आहे तो. त्याचं त्यानं ठरवावं."

"मग ठरव बाबा," मी श्रावणला म्हटलं.

"बाबांना वाईट वाटेल, आई."

दोघं एकमेकांना इतकं जपत होते की मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटे. वर विमानात माणसं बसणार, खाली यांचा संकोच चाललेला! शेवटी मी बाजारातून निळं जाड कापड आणलं, समोरच्या घरातल्या प्रमिलाबाईंच्या मशीनवर डांगरी शिवली आणि त्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवली.

निघताना चिवड्याचा डबा ठेवायला त्यानं ट्रंक उघडली. डांगरी बाहेर काढली, उलटसुलट पाहिली. शिवण चांगली आहे म्हणाला. मग घडी करून खाटेवर ठेवली.

"बाबांनी आपल्या हातानं ठेवली असती तर घातली असती."

हे समोरच चरख्यापाशी पेळू घेऊन बसले होते. ऐकलं त्यांनी. मान वर झाली नाही, चाक फिरत राहिलं. गाडीची वेळ झाली होती.

आता श्रावण ड्रॉइंगच्या खोलीत इंजिनाचे भाग कागदावर काढतो. जोडायला ते दुसऱ्याच्या हातात जातात. शेडमध्ये इंजिन सुरू झालं की आवाज ऐकू येतो, असं लिहितो. बाकी प्रकृती उत्तम.

डांगरी पडून होती. धुरपतानं तिच्या मुलासाठी, कवडूसाठी, मागितली, मी दिली. तो जिनच्या इंजिनावर तेलपाण्याला असतो. हे शाळेत शिकवायला जातात तो रस्ता तिथूनच जातो. परवा जेवताना म्हणाले, "त्या कवडूच्या अंगावरचं कापड बरं दिसतं. टिकाऊ आहे."

मी ताटात आणखी एक भाकरी वाढली. तोंड उघडलं असतं तर त्या दिवशी कोणीच जेवलं नसतं.