कामोठे ते नेरे: दादाच्या माशांना काय घालायचं

तुम्ही इथे किल्ले वाचायला येता, माहीत आहे मला. या खेपेला किल्ला नाही. चढ नाही, पाण्याचं टाकं नाही, आणि सूर्यास्ताचा फोटो तर मुळीच नाही. घरातल्या माशांना काय खायला घालायचं हे विचारायला मी पुण्याहून पनवेलला गेले होते. हसा खुशाल! निघताना मलाही हसू आलं होतं.

झालं असं, की माझा मोठा भाऊ सहा महिन्यांपूर्वी गेला. कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये मागे राहिली वहिनी आणि त्याची चार फुटी काचेची टाकी. टाकीत आठ एंजल मासे: चपटे, तिकोनी, लांब परांचे. दोघांना मूलबाळ नाही, त्यामुळे दादा त्या माशांनाच पोरं म्हणायचा. गुरुवारी वहिनीचा फोन आला. "माधुरी, सहावा गेला गं. आता दोनच राहिलेत. तू एवढी गावं पालथी घालतेस, यांना काय घालायचं ते तरी कुणाला विचार. हे दोन गेले तर ह्यांना मी काय तोंड दाखवू?"

गेलेल्या माणसाला तोंड दाखवायची काळजी! शनिवारी सकाळची बस पकडली.

जाणाऱ्यांसाठी सांगते, पुण्याहून मुंबईकडे जाणारी बहुतेक कोणतीही बस कळंबोलीला सोडते. तिथून कामोठ्याला रिक्षा मिळते, पण बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या, नंतर वाद घालण्यात काही अर्थ नसतो. घाट उतरल्यापासून आभाळ मळक्या फडक्यासारखं होतं. कामोठ्यात शिरलं की एकसारख्या इमारती, क्लासेसच्या पाट्या आणि गॅलऱ्यागॅलऱ्यांना कबुतरांसाठी बांधलेली जाळी. वहिनीच्या सहाव्या मजल्यावरही तीच जाळी.

दार उघडलं तेव्हा वहिनी अर्धी झाली होती. टाकीतला एक मासा पोट फुगून तिरका तरंगत होता, दुसरा कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेला. टाकीशेजारी खाण्याची किलोभराची बरणी. "मोठीच आणली, सारखं कोण जाणार बाजारात," वहिनी म्हणाली. मग ताटं वाढली. जेवायला बसण्याआधी तिने दहीभाताचा छोटा घास केला, टाकीचं झाकण उचललं, घास आत सोडला, हात जोडले आणि मग माझ्यासमोर येऊन बसली.

हे माझ्याच डोक्यातून निघालेलं. दादाच्या पहिल्या मासिक श्राद्धाला आम्ही गॅलरीत कावळ्यासाठी पान ठेवलं होतं. कावळा जाळीपलीकडे कठड्यावर बसून ओरडत होता, पण आत येणार कुठून? वहिनीचा जीव नुसता वर-खाली होत होता. तेव्हा मी म्हटलं, "अगं, माशांना घाल. दादाचीच पोरं ना ती!" माशांनी भात टोचला आणि वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा धड जेवली. तेव्हापासून ती रोज घालत होती, हे मला त्या शनिवारी कळलं. मला बाई भरून आलं. मी फोनवर त्या टाकीचा व्हिडिओ काढला आणि दुपारी पनवेल गाठलं.

पनवेलच्या जुन्या बाजारात नजीरचाचांचं दुकान आहे, दादाचं नेहमीचं. दुकान कसलं, बोळच तो. दोन्ही बाजूंना टाक्या, मधून एका माणसाने आडवं चालायचं. मी दादाचं नाव आणि तो गेल्याचं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"मरहूम साहेबांची बहीण तुम्ही? बसा बेटा. दर महिन्याला यायचे. मी म्हणायचो, मोठी बरणी घ्या, स्वस्त पडते. ते म्हणायचे, चाचा, मला ताजं पाहिजे, लहानच पुडी द्या."

सहा मासे गेल्याचं सांगून मी किलोच्या बरणीचा फोटो दाखवला. चाचांनी कपाळाला हात लावला. "पोळीचं पीठच आहे हे, वरून लाल रंग मारलेला. खाणं घेताना मागचं वाचायचं. पहिलं नाव माशाचं नाहीतर कोळंबीचं पाहिजे. पहिलंच नाव मैद्याचं असेल तर ठेवून द्यायचं. आणि उघडलेली बरणी महिनोन्‌महिने ठेवायची नाही, त्यातली ताकद उडून जाते." मग त्यांनी विचारलं, "याच्याशिवाय आणखी काय घालता?"

"काही नाही," मी ठणकावून सांगितलं. खोटं बोलले नाही हो. तो घास खाणं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घास तो घास!

"फक्त या खाण्याने सहा मरायचे नाहीत," चाचा म्हणाले. "उद्या नेऱ्याला जा. हिराबाई आहे, माझ्याकडचे एंजल तीच वाढवते. तिची नजर माझ्यापेक्षा तेज."

रविवारी सकाळी पनवेलहून नेऱ्याची शेअर रिक्षा धरली. भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा हातात वेळ ठेवा. सुकापूर सोडलं की इमारती विरळ होतात आणि समोर माथेरानचे डोंगर दिसायला लागतात. एरवी मी मान मोडेपर्यंत डोंगर बघत बसते. त्या दिवशी एकदाही बाहेर पाहावंसं वाटलं नाही. फाट्यावर टपरीत वडापाव खाल्ला, तेलकट, गार. नाव लिहीत नाही, जाऊ नका एवढंच.

हिराबाईंच्या घरामागे पूर्वी शेत होतं, आता फार्महाऊसची भिंत आहे. भिंतीलगत सिमेंटच्या दहा-बारा टाक्या, वर हिरवी जाळी. बाई पन्नाशीच्या, हातात चहाची गाळणी. त्या गाळणीने एका डबक्यातून पिसवांएवढे बारीक जीव गाळत होत्या.

"ह्ये पाण्यातलं पिसू. पोट साफ ठेवतंय माशाचं," त्या म्हणाल्या. "आठवड्यातून दोनदा ह्ये, बाकी दिवस चांगलं दाणेदार खाणं. मधी एखादा उकडलेला मटार, साल काढून. नि एक दिस उपास."

"माशांना उपास?"

"मग? आमी करतो, त्येंना काय झालं? माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं. दोन मिंटात संपंल तेवढंच घालायचं. मानूस मेला मायेनं घालत सुटतो."

मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी फोन उन्हातून सावलीत नेला, डोळ्यांजवळ धरला आणि बोट ठेवलं. "ह्यो पांढरा काय तळाला? खड्यांत?"

मी पाहिलं. खड्यांच्या फटीफटीत शितं अडकली होती. काही कुजून त्यांना कापसासारखं काही आलं होतं.

"भात हाय त्यो," हिराबाई म्हणाल्या. "वर दही बी हाय का? अगो बाय! भात त्येंना पचत नाय, पोटात फुगतो. खाली कुजला का पानी इख होतंय. कोन घालतंय?"

मी सगळं सांगितलं. मासिक, जाळी, कावळा, माझा शहाणपणा. हिराबाईंनी गाळणी खाली ठेवली. मग पिशवीत पिसू भरून दिले. पैसे घेतले नाहीत. "वैनीला नीट सांगा," एवढंच म्हणाल्या.

परतीच्या रिक्षात ती पिशवी मांडीवर धरून बसले होते. सहा मासे. दादाची सहा पोरं माझ्या एका वाक्याने गेली, आणि आता तेच वहिनीला सांगायचं होतं. न सांगता भागलं असतं का? 'बरणी वाईट होती' म्हणाले असते, तरी ती उद्या पुन्हा घास घालणारच होती.

पोचले तेव्हा ताटं वाढलेलीच होती. वहिनी झाकणाशी उभी, हातात घास. मी तिचं मनगट धरलं.

"वहिनी, नको. भातानेच मेले गं ते. मीच सांगितलं होतं तुला, चूक माझी आहे."

तिने टाकीकडे पाहिलं, मग हातातल्या घासाकडे. मला वाटलं होतं, ओरडेल. मला तर तेच हवं होतं. "तू सांगितलंस ते एका दिवसापुरतं," ती म्हणाली. "रोज मीच घालत होते. मला बरं वाटायचं." आणि मग अगदी साध्या आवाजात, मीठ कुठे ठेवू विचारावं तसं विचारलं, "मग आता ह्यांना कुठे वाढू?"

मी तिच्या हातातला घास घेऊन ताटात ठेवला. दुपारभर आम्ही दोघींनी टाकीतलं थोडं थोडं पाणी बदललं, नळीने खड्यांतली शितं ओढून काढली. रडत होतो, काढत होतो. तो घास ताटातच वाळून गेला.

पुण्याला येऊन तीन आठवडे झाले. पोट फुगलेला एंजल दुसऱ्याच दिवशी गेला. कोपऱ्यातला मात्र तगलाय. वहिनी चाचांकडून लहान पुडी आणते, घड्याळ लावून दोन मिनिटं मोजते, सोमवारी त्याला उपास घालते. काल तिने मटार खाणाऱ्या माशाचा व्हिडिओ पाठवला. मी लगेच फोन केला, खूप कौतुक केलं आणि सहज विचारलं, "तू काय जेवलीस?"

"पोळी खाल्ली ना," ती म्हणाली. "भात बंद केलाय मी. लावला की हात आपोआप टाकीकडे जातो."