विकेटकीपरचा भाव

सत्तरच्या दशकात च्युइंगमच्या पुडीत क्रिकेट खेळाडूचं एक चित्र निघायचं. पंचवीस चित्रांचा अल्बम भरून पोस्टानं पाठवला की कंपनी बॅट देणार होती. कुंडलजवळच्या आमच्या गावात तोवर बाभळीच्या फळीनं क्रिकेट चालायचं, त्यामुळे नववीचा सगळा वर्ग नाइलाजानं च्युइंगम चघळत होता.

विकेटकीपर मुळातच कमी निघायचा. त्याला दुर्मीळ केलं ते आमच्या हेडमास्तरांनी. आपल्याकडचं सर्वांत भारी चित्र शर्टाच्या खिशातून अर्धं बाहेर दिसेल असं ठेवायची वर्गात रीत होती. हेडमास्तर प्रार्थनेच्या वेळी रांगेतून फिरत आणि बाहेर डोकावणारं प्रत्येक चित्र काढून आपल्या कपाटात ठेवत. साध्या गोलंदाजाला कोणी मिरवत नसे. साहजिकच वेचून वेचून विकेटकीपरच कपाटात गेले. दिवाळीपूर्वी एका कीपरला चार फलंदाज मिळत. जानेवारीत पंधरा देऊनही मिळेना.

माझ्याकडे चोवीस चित्रं होती. पंचविसावं, म्हणजे कीपरचं, बांगडीवाल्याच्या मुलाकडे होतं, आणि त्याला चित्रं नको होती. त्याला माझ्या मोठ्या भावाचा पितळी बकलाचा लष्करी पट्टा हवा होता.

दादा पलटणीतून रजेवर आला होता. घरी तो पायजम्यात वावरे आणि पट्टा खुंटीला लटके. पलटणीत मागितला की दुसरा पट्टा देत असणार, असं मी गृहीत धरलं आणि सौदा केला. अल्बम पूर्ण झाला.

पंचवीस जानेवारीला दादानं ट्रंक भरायला घेतली.

"पट्टा कुठाय रं?"

मी सांगितलं. दादा ओरडला नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

"परवा हजर झाल्या झाल्या किट मांडून दाखवायचं आसतंय. पट्टा न्हाई म्हटल्यावर सुभेदार काय आरती ओवाळणार हाय व्हय? उद्या सांजच्याला गाडी हाय. तवर पट्टा आण."

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन होतं. ते आटोपलं की कीपर परत देऊन पट्टा घ्यायचा, असं मी ठरवलं. पण प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या एका चेअरमन साहेबांना उदारपणाचा झटका आला. देशाची भावी पिढी या विषयावर अर्धा तास बोलून झाल्यावर त्यांनी हेडमास्तरांना सगळी जप्त चित्रं परत करायला लावली. कपाट उघडलं. त्यातून सदतीस विकेटकीपर बाहेर आले. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही.

बांगडीवाल्याचा मुलगा कमरेला पट्टा लावूनच दुकानात बसला होता.

"तुझा कीपर घेऊन काय करू गड्या? आता शेंबडी पोरंबी कीपर लावून फिरत्यात."

"मग काय पायजे?"

"अल्बम. भरलेला."

"आरं, चोवीस गोळा कराय मला सा म्हैनं लागलं!"

"म्हणून तर मागतोय."

मला सायकलवर घेऊन आलेला दादा बाहेरच सायकल धरून उभा होता. तो आत आला असता तर पट्टा फुकट सुटला असता, याची मला खात्री होती. तो आला नाही. मी घरी जाऊन अल्बम आणला. त्या मुलानं पानं उलटून पंचवीस चित्रं मोजली, एका फलंदाजाचा कोपरा दुमडलाय म्हणून नाक मुरडलं आणि मग पट्टा सोडला.

संध्याकाळी मी दादाची ट्रंक स्टँडवर पोचवली. मिरजेची एसटी अजून आली नव्हती.

"आसलं पट्टं तुमच्याकडं लय आसतील न्हवं?" मी विचारलं.

"पोत्यानं."

"मग येका पट्ट्यासाठी येवढं?"

"पोत्यातलं सगळं दुसऱ्यांचं आसत्यात," दादा म्हणाला. कमरेचा पट्टा आवळून त्यानं ट्रंक जवळ ओढली आणि एसटीच्या वाटेकडं बघत राहिला.