पाठीमागचा समुद्र

खाऱ्या पाण्याचा फिशटँक घ्यायचा ठरवला तो आईसाठी. वेंगुर्ल्याचं घर बंद करून ती माझ्याकडे नागपूरला राहायला आली होती, आणि इथे समुद्र हवा तर तो पुडक्यातलं मीठ कालवून करावा लागतो.

दुकानदार हौसेने दिवे दाखवत होता. एका बटणावर पाणी पहाटेसारखं उजळायचं, दुसऱ्यावर गर्द निळं व्हायचं. मी हरखून बघत होते. मग त्याने फिल्टर काढला. "हा सुरू आहे की बंद, तेही कळत नाही बघा."

सोबत आलेल्या आईने विचारलं, "आणि तो कोपऱ्यातला?"

"तो जुना प्रकार आहे, आजी. पाणी चांगलं साफ करतो, पण वरून सारखं धो धो पाडतो. लोक कंटाळतात."

"तोच दे."

मी जरा वैतागलेच. घरी येताना मात्र आमचं वेंगुर्ल्याचं स्वयंपाकघर आठवलं. ते मागच्या अंगाला होतं. समुद्र बघत ओटीवर बसायचे ते पुरुष. आईच्या वाट्याला भिंतीपलीकडची गाज आली. भरती लागली की ती चुलीपाशी बसूनच सांगायची. दुसऱ्याचं सुख निवडायला आपण जातो, आणि बघतो आपल्याच डोळ्यांनी.

टाकी आता सुरू आहे. मासे सोडायला अवकाश आहे, आधी पाणी तयार व्हावं लागतं. आई टाकीकडे पाठ करून मेथी निवडत बसते. मी दिवा लावायला गेले की म्हणते, "राहू दे गं. ऐकू येतोय मला."