सुधाकरचा सी ड्राइव्ह

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. डोंबिवलीत सुधाकरच्या ऑफिसात मी त्याच्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसत होते. सुधाकर माझ्या नवऱ्याचा आतेभाऊ. त्याला जाऊन महिना झाला होता. त्याचा प्रोग्रॅम वापरणाऱ्या कल्याणच्या औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याने डॉसचं मशीन काढून युनिक्सचं घेतलं होतं, आणि प्रोग्रॅम तिथे चालवून देणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. "एवढं कर गं," त्याची बायको वसुधा म्हणाली, "आणि पेपरच्या पुरवणीत त्याच्यावर चार ओळी लिही. चांगल्या."

म्हटलं, खऱ्या लिहीन.

त्र्याण्णवच्या सुमारास आम्ही दोघांनी ठाकुर्लीला तळमजल्यावरच्या एका खोलीत प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. काम निम्मं निम्मं. गिऱ्हाइकांपुढे मात्र तो 'साहेब' आणि मी 'वहिनी'. ठाण्याच्या एका रक्ततपासणी लॅबचे रिपोर्ट आमच्या प्रोग्रॅममधून निघत. फाइल कुठे ठेवायची तो रस्ता सुधाकर प्रत्येक ठिकाणी अख्खा लिहायचा: आधी सी, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग उलटी तिरकी रेघ. डॉसवर ते बरोबर. युनिक्सवर सी ड्राइव्ह नावाची गोष्टच नसते. तिथला प्रत्येक रस्ता एका सुलट्या तिरक्या रेघेपासून निघतो.

"भाऊजी, सुरुवातीचा तुकडा एकाच जागी लिहू आणि बाकी सगळीकडे तो जोडून घेऊ. मशीन बदललं तर एकच ओळ बदलायची."

"वहिनी, हे काय मेतकूट आहे, आधीच दळून ठेवायला? मशीन बदलेल तेव्हा बघू."

लॅबचं मशीन बदललं, युनिक्सचं आलं. सुधाकर एकटाच जाऊन प्रोग्रॅम चढवून आला. मशीनने एकही चूक दाखवली नाही म्हणून येताना पेढे आणले. चूक दाखवणार कोण? आम्ही प्रोग्रॅम लिहायचो ती सी भाषा रस्ता तपासत नाही, अवतरणात दिलेलं जसंच्या तसं मशीनच्या हातात ठेवते. युनिक्सने तो सगळा रस्ता म्हणजे एका फाइलचं विचित्र नाव आहे असं धरलं आणि रिपोर्ट भलत्याच जागी साठत गेले. जपून ठेवायची नक्कल म्हणून रोज टेपवर उतरायचा तो डेटाचा फोल्डर, आणि तो रिकामा! एक दिवस तिथल्या ऑपरेटरला ते नाव दिसलं. कचरा समजून त्याने फाइल उडवली.

पेशंटना परत बोलवावं लागलं. एक म्हातारे गृहस्थ बाही वर करता करता मला म्हणाले, "मागच्या खेपेचं सांडलं काय हो?"

डॉक्टरांच्या केबिनमध्ये सुधाकरने शांतपणे सांगितलं, "फाइलींचं काम वहिनींकडे होतं."

मी तिथल्या तिथे म्हटलं, हे खोटं आहे. डॉक्टर म्हणाले, "घरचं भांडण घरी." ठाण्यात माझं नाव खराब व्हायला तेवढं पुरलं. मला कोणी काम देईना. मी कल्याणला क्लासमध्ये शिकवायला लागले. सुधाकर मात्र पुढेही लग्नाकार्यांत समोर यायचा, आग्रहाने जिलबी वाढायचा... जिलबी मी तशीच ठेवायचे.

त्याच्या शोकसभेत एकजण म्हणाला, एक ओळ बदलून कुठल्याही मशीनवर चालणारे प्रोग्रॅम ही सुधाकरची देणगी. मला वाटलं, मेलेल्या माणसाबद्दल काहीही बोलतात.

त्या रविवारी कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम उघडला आणि कळलं. रस्त्याचा सुरुवातीचा तुकडा एकाच जागी, बाकी सगळीकडे जोडून घेतलेला. मी सांगितलं होतं तसाच्या तसा. आणि वर लिहिलेलं, 'सुधाकर पद्धत'.

"काय झालं गं?" वसुधाने विचारलं.

"काही नाही. तुझा नवरा ऐकत होता म्हणायचा..."

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणला गेले. एक ओळ बदलली, प्रोग्रॅम चालला. व्यापारी खूश. "साहेबांचं डोकं बघा, गेल्यावरही काम करतंय!"

"डोकं माझं आहे," मी म्हटलं. वरचं 'सुधाकर पद्धत' पुसून तिथे माझं पूर्ण नाव घातलं, आणि मग त्यांनी मागवलेला चहा प्यायले.