दुपारी दार लावणारा सर्व्हर

खामगावच्या आमच्या कॉलेजात संगणकाच्या प्रयोगशाळेत वीस मशीन होत्या आणि सगळ्यांना मिळून एकच युनिक्स सर्व्हर. प्रोग्राम लिहायचा तो सर्व्हरवरच. मशीनवरून टेलनेट नावाच्या प्रोग्रामनं सर्व्हरला जोडायचं, नाव आणि पासवर्ड द्यायचा, की आत. कोणाला आत घ्यायचं हे सर्व्हरवरचाच एक छोटा प्रोग्राम ठरवायचा. आम्ही त्याला दारवान म्हणत असू. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मॅडमनी त्याला दोन नियम घालून दिले होते. एका वेळी पंधराच जण आत, कारण त्या जुन्या सर्व्हरला जास्त झेपत नसे. आणि साडेअकरानंतर नवीन कोणी नाही, कारण बारा वाजता लोडशेडिंग सुरू व्हायचं आणि चालू सर्व्हर एकदम बंद पडला की मुलांच्या फायली खराब व्हायच्या.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी मात्र वीज जाणार नव्हती. प्राचार्यांनी वीज कार्यालयात जाऊन तशी विनंती केली होती. सगळे दिव्यांकडे बघत खूश होते. दारवानाची आठवण कोणालाच झाली नाही.

बाहेरचे परीक्षक मेहकरकडून येणार होते, त्यांची एस.टी. उशिरा आली. पहिली तुकडी उशिरा बसली. त्यातल्या पाच जणांच्या मशीन मध्येच अडकल्या होत्या, म्हणून त्यांना जास्तीचा वेळ मिळाला. बारानंतर उरलेल्या मशीनवर आमची पंधरा जणांची तुकडी बसली. मी सुलतानपूरचा, घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिलाच. प्रॅक्टिकल गेलं तर वर्ष जाणार होतं, आणि माझं आणखी एक वर्ष खामगावात राहणं घरच्यांना झेपणार नव्हतं. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मी टेलनेट केलं. जोडणी झाली आणि लगेच तुटली. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

शेजारचा मित्र कुजबुजला, "तुयं लागून राह्यलं का बे?"

"नाही. तुयं?"

"मले तं उंबऱ्यावरूनच हाकलून राह्यलं."

परीक्षक उठले. "काय गडबड आहे? ज्यांना लॉगिन जमत नाही त्यांनी तसं लिहून द्या."

मॅडमच्या एव्हाना लक्षात आलं होतं. "सर, वेळेचा नियम आहे, मीच घातलेला. एक ओळ काढावी लागेल."

"परीक्षा चालू असताना सर्व्हरला हात लावायचा नाही, मॅडम. आतल्या पाच जणांचं काम गेलं तर?"

भीती खोटी नव्हती. नियम बदलून दारवानाला पुन्हा वाचायला लावलं, की तो आत बसलेल्यांनाही नव्यानं तपासायचा. टाइप करताना चूक झाली, तर आतले बाहेर फेकले जाणार. मॅडमनी आधी त्या पाच जणांना फायली सेव्ह करायला लावल्या, मग परीक्षकांना शेजारी बसवून वेळेची ओळ काढली. आतले पाचही जण आतच राहिले. आमच्यातले भराभर आत जाऊ लागले. दहा जण गेले आणि दार पुन्हा बंद.

पाच आतले, दहा आमचे. पंधरा पुरे झाले होते. बाहेर राहिलेल्या पाचांत मी होतो, मित्रही होता.

"आकडा वाढवावा लागेल, सर," मॅडम म्हणाल्या.

"आता नाही. एकदा झालं तेवढं पुरे. पहिल्या तुकडीतलं कोणी उठेल तसे हे जातील."

वेळ मात्र आमचाही चालला होता. मॅडम खुर्चीवर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. तेवढ्यात पहिल्या तुकडीतली एक मुलगी मागे न बघताच म्हणाली, "मायं झालं, सर. मी निंगते."

"अजून वेळ आहे तुम्हाला."

"राहू द्या सर. चालते तेवढं."

तिचा प्रोग्राम पुरा झालेला नव्हता. शेवटचा भाग राहिला होता, तो मला तिच्या पडद्यावर दिसत होता. तिनं लॉगआउट केलं आणि आमच्या पाचही जणांची बोटं एकदम एंटरवर पडली. माझ्या पडद्यावर लॉगिन आलं. मित्राच्या नाही. मी त्याच्याकडे बघितलं.

"माह्या तोंडाकडे काऊन पाह्यतं बे? लिह्य ना!"

मी लिहू लागलो. परीक्षक त्या मुलीच्या रिकाम्या खुर्चीपाशी थोडा वेळ उभे राहिले. मग मॅडमना म्हणाले, "करा. तुम्ही टाइप करा, मी वाचतो."

"सगळ्यांनी सेव्ह करा," मॅडम म्हणाल्या, "आणि हात वर घ्या."

सगळ्यांचे हात कीबोर्डवरून उठले. आता मीही आतला होतो, म्हणजे फेकला जाण्यासारखा. परीक्षकांनी आकडा मोठ्यानं वाचला, "वीस." मॅडमनी एंटर दाबलं. माझा कर्सर थांबल्यासारखा वाटला. मी एक अक्षर टाइप केलं आणि ते उमटलं.

"आलं!" शेजारून मित्र ओरडला. परीक्षकांनी त्याला गप्प बसायला सांगितलं, आणि उशीर झालेल्या आम्हा पाच जणांना वेळ वाढवून दिला.

आज माझं पोट सर्व्हर सांभाळण्यावर चालतं. मर्यादा घालणं हे माझं रोजचं काम आहे आणि ती घालावीच लागते. पण कोणताही आकडा लिहिताना, त्याच्या बाहेर कोण उभं राहील हे मी आधी विचारून घेतो. त्या मुलीला ते न विचारताच कळलं होतं. तिचे गुण किती कमी झाले, हे तिनं कधी सांगितलं नाही.