मामांची मोडी

मामा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात न उचलता एक आडवी रेघ ओढायचे. मग त्या रेघेला खालून वेटोळी लटकवत जायचे, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. कागद भरला की तो पाणी तापवायच्या चुलीत. मामा म्हणजे माझे सासरे. जामखेड डेपोला एसटीचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर खर्ड्याच्या घरी ओट्यावर बसायचे, मांडीवर पाट आणि पाटावर कॅलेंडरचं फाडलेलं पान. आता मामाही नाहीत.

हा नाद त्यांना आमचे हे गेल्यावर लागला. हे भाजीचा टेम्पो घेऊन नगरला निघाले आणि वाटेतच गेले. जन्मभर घाटातून गाड्या काढणाऱ्या माणसाचा मुलगा सरळ रस्त्यावर गेला. मला काही वाटेचना. भाकरी थापायचे, धुणं वाळत घालायचे, कुणी काही विचारलं तर ‘हं’ म्हणायचे. तव्याचा चटका बसला तरी जरा वेळानं कळायचं.

घरात ह्यांचं नाव बंदच झालं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ‘आपलं पोरगं’ म्हणायच्या. मामा तेवढंही नाही. मी तर लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नवऱ्याला नावानं हाक मारायची आमच्याकडे रीत नाही. असंच चाललं तर ते नाव या घरातून कायमचं जाईल, अशी भीती वाटायची. त्या दिवसांत मला दुसरं काही वाटल्याचं आठवत नाही.

मामांच्या रेघोट्यांवरून आत्याबाई त्यांना बोलायच्या, “म्हातारपनी शाळेत नाव घातलंय जनू!”

मामा मान वर न करता म्हणायचे, “देवळात बसलं की मागनं सुरू हुतं. हितं कायबी मागावं लागत न्हाई.”

मी लसूण सोलायला त्यांच्याशेजारी बसू लागले. “वळनावर हात हळू घ्यायचा,” एकदा मला म्हणाले. “मन पुढं पळालं की रेघ लगीच सांगती.” ती रेघ बघत बसलं की बरं वाटायचं असं नाही. पण आपल्याला काहीच वाटत नाही याची धास्ती तेवढा वेळ नसायची.

आधी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं काढायची, ही मोडी लिहायची पद्धत. खर्ड्याच्या किल्ल्यामुळे आमच्या गावाला जुन्या कागदांचं भारी कौतुक. कुणीतरी मामांचं पान पाहिलं, आणि ड्रायव्हरला मोडी येते असं गावभर झालं. एका दुपारी शेजारच्या वाडीवरचे एक आजोबा आपल्या पणजोबांचा कागद पिशवीत घालून वाचून घ्यायला आले.

“मला न्हाई येत मोडी,” मामा म्हणाले. “ह्या नुसत्या रेघोट्या हायेत.”

“कशाला फसवता, ड्रायव्हरसायेब? सगळं पान भरलंय की! बरं, माझं ऱ्हाऊ द्या. तुमी सोता काय लिवलंय तेवढं तरी सांगा.”

मामा हसून त्यांना वाटेला लावतील असं मला वाटलं. पण ते पानाकडे बघत राहिले. मग पहिल्या वेटोळ्यावर बोट ठेवून त्यांनी वाचलं, “अमोल.” बोट पुढं सरकलं. “अमोल. अमोल.” रेघ संपेपर्यंत तेच.

आत भांड्यांचा आवाज थांबला. आजोबांना काय कळायचं ते कळलं असावं. त्यांनी पिशवीला गाठ मारली, चपला घातल्या आणि गुपचूप गेले.

मामांनी पाट माझ्याकडे सरकवला. “मला दिसंना झालंय. खालची ओळ तू वाच.”

रेघेखाली नुसती वेटोळी होती. मी पहिल्या वेटोळ्यावर बोट ठेवलं. “अमोल,” मी म्हणाले. पुन्हा म्हणाले. आवाज माझा मलाच जेमतेम ऐकू येत होता.

आत्याबाई ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“जरा मोठ्यानं वाच,” त्या म्हणाल्या.