उलट्या वाऱ्याचं बेट

सुनेनं आज खरबूज कापलं आणि भिलाईतल्या वैशाली नगरच्या या घरात वैनगंगेच्या तापल्या रेतीचा वास आला.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात नदीतल्या बेटावर आमची खरबुजाची वाडी होती. राखणीला मी एकटी. ओल्या रेतीत पाय खुपसायची, पिकलेलं फळ बुक्कीनं फोडून खायची. सासू काठावरून ओरडायची, "अवं, भाकरी कोण करन? ये इकडे!"

"वारा उलटा हाय, आयकू येत नाही!" मी ओरडायची. तिला मात्र माझं सगळं ऐकू जायचं.

तेव्हा त्याला मी काम समजायची. ती माझी सुट्टी होती. पुढं नवऱ्याला इथं भिलाईत स्टील प्लांटची नोकरी लागली आणि बेट सुटलं.

"आई, ऐकून राहिल्या का? भाजी निवडून द्या ना!" सून आतून ओरडली.

"वारा उलटा हाय," म्हटलं आणि दुसरी फोड उचलली.